परतीच्या दिवशी गाडी कोण चालवणार?

*एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. घरात पाच माणसं: त्या स्वतः, पती, आठ वर्षांची मुलगी, पावणेतीन वर्षांचा मुलगा आणि अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई. मुलीला दोन वर्षांपासून कबूल केलेली थीम पार्कची सहल यंदा नक्की झाली आहे. पार्क घरापासून अकराशे किलोमीटरवर, आणि सुट्टी जाऊन-येऊन सहा दिवसांची. पतींचं म्हणणं, 'पाच-पाच तिकिटं कशाला काढायची? पहाटे तीनला निघू, रात्री मुक्कामाला पोचू. गाडी तिथे हाताशीही राहील.' मोबाइलवरचा नकाशा पंधरा तास दाखवतो. बाईंना विमानानं जावंसं वाटतं. पण धाकट्याचे कान दुखतील का, सासूबाईंना विमानतळ झेपेल का, अशी धाकधूक आहे. शिवाय 'केवळ आपल्या सोयीसाठी एवढा खर्च' ही टोचणी. महिनाभर घरात हाच विषय चालू आहे. शेवटी त्या विचारतात, 'मी आळशीपणा करतेय का? आणि हिशेबानं पाहिलं तर बरोबर कोण?'*

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात मी आपली आकडेमोडीच्याच मागे लागले होते. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं, की जाण्याच्या प्रवासाबद्दल तुम्ही इत्थंभूत लिहिलंय. किती वाजता निघायचं, सासूबाईंना पुढची सीट की मागची, धाकटा कुठवर झोपून राहील. परतीबद्दल मात्र एक अक्षर नाही. महिनाभर वाद चालला म्हणता, त्यातही परतीचं नाव कुणी काढलं नसणार, अशी माझी पैज आहे.

हे मला ओळखू येतं, कारण आमच्याही घरी असंच झालं होतं. मुलं लहान असताना आम्ही नऊशे किलोमीटर गाडीनं गेलो. जाताना गाणी, कोडी, खिडकीतून दिसणाऱ्या ट्रकांची मोजदाद, सगळं झालं. परतताना दुपारी साडेतीनच्या सुमारास गाडीत चिडीचूप होती. मुलं एकमेकांवर कलंडून झोपलेली. थोरल्याचा एक बूट निघून घरंगळत माझ्या पायाशी आला होता. तो उचलायला मी वाकले आणि गाडीखालून घर्रर्र असा आवाज आला. रस्त्याच्या कडेला खडबडीत पट्टे असतात ना, त्यांच्यावर चाकं चढली होती. नवऱ्यानं झटक्यात गाडी सावरली. 'डोळा लागला होता का?' मी विचारलं. 'छे!' तो म्हणाला. पण जिथे आम्हाला हमरस्ता सोडायचा होता तो फाटा दहा मिनिटांपूर्वीच मागे पडला होता, आणि त्याला ते ठाऊकच नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही नव्हतं. मी जागी होते ती नावापुरती.

ताशी शंभरच्या वेगात चार सेकंदांची डुलकी म्हणजे गाडी १११ मीटर आपली आपण जाते. आम्हाला त्या पट्ट्यांनी वाचवलं.

म्हणून तुमच्या पतींच्या बेताकडे मी आधी घड्याळ घेऊन बघते. पहाटे तीनला निघायचं म्हणजे दोनला उठायचं. आदल्या रात्री सामान भरून, मुलांना निजवून ते अकराच्या आत आडवे होतील, असं तुम्हालाही वाटत नसेल. म्हणजे झोप तीन तास. नकाशाचे पंधरा तास हे नुसत्या चाकांचे. पावणेतीन वर्षांचं मूल आणि अडुसष्टच्या आजी गाडीत असताना दर दोन तासांनी थांबावंच लागतं, आणि 'पाच मिनिटं थांबू' असं म्हटलं तरी पंचवीस मिनिटं जातात. सात थांब्यांचे तीन तास धरा. तीनला निघालेली गाडी रात्री नऊला पोचते. सलग १७ तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतका मंदावतो, असं १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसलं आणि पुढच्या अभ्यासांतही तेच आढळलं. दोनला उठलेल्या माणसाचे ते सतरा तास संध्याकाळी सातला भरतात. उरलेले दोन तास, म्हणजे अंधार पडल्यावरचे, अनोळखी रस्त्यावरचे, तो तसा गाडी चालवणार.

बरं, पहाटे निघणं हे शहाणपणाचं मानलं जातं, कारण रस्ता मोकळा असतो आणि मुलं झोपलेली असतात. पण मुलांसारखंच मोठ्यांचंही शरीर त्या वेळी झोपच मागत असतं. झोपेची ओढ सर्वांत जास्त असते ती मध्यरात्रीनंतर दोनपासून सहापर्यंत आणि पुन्हा दुपारी दोन ते चारच्या सुमारास. तुमच्या बेतात हे दोन्ही पट्टे रस्त्यातच येतात. युरोपीय संघात ट्रक आणि बस चालवणाऱ्यांना साडेचार तास गाडी चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची आहे. दिवसाची मर्यादा ९ तासांची, आठवड्यातून दोनदाच १० तासांची मुभा. ज्यांचं पोटच गाडी चालवण्यावर आहे त्यांच्यासाठी हा नियम आहे, आणि त्यांच्या पाठीमागे 'अजून किती लांब?' असं विचारणारं कुणी बसलेलं नसतं.

इतकं करून हा झाला जाण्याचा दिवस. त्या दिवशी निदान उत्साह असतो, तो बरंच काही ओढून नेतो. परतीचा दिवस येतो तो पार्कमध्ये चार दिवस पायपीट केल्यावर. मोठ्या पार्कात दिवसाला दहा किलोमीटर चालणं सहज होतं, त्यात धाकट्याला कडेवर घेऊन. त्या थकव्यावर पुन्हा पंधरा तासांची गाडी, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिस, शाळा. तुम्ही निर्णय घ्याल तो या दिवसाकडे बघून घ्या, एवढंच माझं मुख्य म्हणणं आहे.

आता 'आळशीपणा'बद्दल. हा शब्द तुमच्या डोक्यात कुणी घातला ते मी विचारत नाही. गाडीच्या प्रवासात चालवणारा एक असतो, पण राबणारे दोन. मागे वळून पाण्याची बाटली देणं, सांडलेलं पुसणं, भांडण सोडवणं, शी-शूची वेळ सांभाळणं, सासूबाईंना एसी जास्त होतोय का ते बघणं, वर नकाशाही वाचणं. पतींचे पंधरा तास घरातल्या सगळ्यांनी मोजले. मान मुरगाळून बसलेले तुमचे पंधरा तास कुणी मोजलेच नाहीत, तुम्हीसुद्धा नाही. ते हिशेबात धरायला लागणं म्हणजे आळस नव्हे.

पण थांबा, तुमच्या बाजूनंही एक गफलत आहे. तुम्ही लिहिलंय, 'विमानानं दीड तासात पोचतो.' दीड तासात विमान पोचतं, माणसं पोचत नाहीत. घरातून विमानतळ तासभर, उड्डाणाच्या दोन तास आधी हजेरी, उतरल्यावर सामानाची वाट बघणं, मग मुक्कामापर्यंतचा रस्ता. दारापासून दारापर्यंत सहा-सात तास धरा, आणि उशीर झाला तर त्याहून जास्त. तरीही सहा दिवसांच्या सुट्टीत हा फरक मोठा आहे. विमानानं जाण्यायेण्यात दोन अर्धे-अर्धे दिवस जातात. गाडीनं, माणसासारखं वाटेत मुक्काम करत गेलात, तर सहापैकी चार दिवस रस्त्यात आणि पार्कला उरतात दोन. मुक्काम न करता गेलात तर कागदावर चार उरतात, पण त्यातला पहिला दिवस आंबलेल्या अंगांचा.

पैशांच्या बाबतीत तुमचे पती अगदीच चुकीचे नाहीत. विमानाचा खर्च डोकी मोजतो, गाडीचा मोजत नाही. दोघांना जायचं असतं तर वाद कदाचित झालाच नसता. पाच जण म्हटल्यावर गाडी स्वस्त पडण्याचाच संभव जास्त. फक्त गाडीचा खर्च म्हणजे इंधन, असं धरून चालू नका. टोल आला, बावीसशे किलोमीटरची टायरांची आणि इंजिनाची झीज आली, वाटेतले जाता-येताचे मुक्काम आले, रस्त्यावरचं खाणंपिणं आलं, पार्कमध्ये रोजचं पार्किंग आलं. विमानाच्या बाजूलाही तिकिटांखेरीज सामानाचे पैसे आणि तिथली टॅक्सी किंवा भाड्याची गाडी धरा. दोन्ही बेरजा आल्या की प्रत्येकीला पार्कमध्ये प्रत्यक्ष मिळणाऱ्या ताज्यातवान्या दिवसांनी भागा. कागद पतींच्याच हातात द्या. गाडीवर प्रेम करणाऱ्या माणसाला स्वतः केलेला भागाकार पटतो, बायकोनं करून दाखवलेला पटत नाही. (हे मी अनुभवानं सांगते.)

'गाडी हाताशी राहील' हा त्यांचा मुद्दा तपासून बघण्यासारखा आहे. सकाळी तुम्ही पार्कमध्ये शिरणार, रात्री बाहेर पडणार. दिवसभर गाडी पार्किंगमध्ये उन्हात उभी. मुक्काम पार्कला लागून असेल किंवा तिथून बस सुटत असेल, तर गाडीचा उपयोग जवळजवळ शून्य. मुक्काम दूर असेल, किंवा आसपासची आणखी ठिकाणं बघायची असतील, तर त्यांचं म्हणणं खरं. पण मग दोन दिवसांपुरती तिथे गाडी भाड्यानं घेता येते, आणि चालवायची त्यांची हौसही भागते.

धाकट्याच्या कानांचं सांगते. विमान उंचावर असताना आतली हवा साधारण अठराशे ते चोवीसशे मीटर उंचीच्या डोंगरावर असते तितकी विरळ असते. उतरताना दाब पुन्हा वाढतो, आणि कान व घसा जोडणारी नळी लहान मुलांत अरुंद आणि आडवी असल्यामुळे तो पटकन समतोल होत नाही. म्हणून रडू येतं ते बहुतेकदा उतरताना. उपाय गिळण्याचा. विमान खाली यायला लागलं, म्हणजे उतरायच्या साधारण अर्धा तास आधी, की मूल झोपलेलं असेल तर उठवा आणि घोट-घोट पाणी किंवा दूध देत राहा. कडक गोळी चघळायला देऊ नका, या वयात ती घशात अडकते. सर्दी किंवा कानाचं दुखणं असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना दाखवा. कान दुखलाच तर तो त्रास अर्ध्या तासाचा आहे.

गाडीतला त्रास मात्र दिवसभराचा असू शकतो, आणि त्याचा पत्रात उल्लेखच नाही. गाडी लागण्याचं प्रमाण दोन ते बारा या वयात सर्वांत जास्त. तुमची दोन्ही मुलं नेमकी त्यात बसतात. आतला कान सांगतो 'आपण हलतोय', डोळे सांगतात 'हातातलं चित्र तर स्थिर आहे', आणि या भांडणात पोट ढवळतं. त्यामुळे 'टॅबवर कार्टून लावून देऊ की गप्प बसतील' हा पतींचा उपाय वळणाच्या रस्त्यावर उलटा पडेल. त्यांना समोरचं, लांबचं बघायला लावायचं, खिडकी थोडी उघडायची, पोट भरगच्चही नको आणि रिकामंही नको. औषध द्यायचं तर डॉक्टरांना विचारून आधी एखाद्या सुट्टीच्या दिवशी घरी देऊन बघा. या औषधांनी बहुतेक मुलं पेंगतात, काही मात्र भलतीच चेकाळतात, आणि ते कळायची जागा हमरस्ता नव्हे.

सासूबाईंचं थोडं वेगळं. चार तासांहून जास्त वेळ एका जागी बसून प्रवास केला की पायातल्या शिरेत गाठ होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ सालच्या अहवालात आहे. यात विमान, गाडी, बस, रेल्वे असा भेद नाही. निरोगी माणसाला मुळातच हा धोका कमी असतो, सुमारे सहा हजारांत एक. पण वय, पूर्वीचं ऑपरेशन किंवा शिरांचा त्रास असेल तर डॉक्टरांशी बोलून घ्या. विमानातले दीड तास त्यांना फारसे जड जाणार नाहीत. जड जातं ते विमानतळावरचं चालणं. त्यासाठी तिकीट काढतानाच व्हीलचेअरची मदत मागून ठेवा. त्या म्हणतील, 'मी काय पंगू आहे का?' म्हणू देत. एकदा खुर्चीत बसून सुरक्षा तपासणीची रांग मागे टाकली की पुढच्या वेळी त्या स्वतःच मागतील. आणि एक विचारू? त्यांना काय हवंय, हे त्यांना कुणी विचारलंय का? पत्रात त्यांची काळजी खूप आहे, त्यांचं मत कुठेच नाही.

धाकट्याचं वय मजेशीर जागी आहे. दोन वर्षांच्या आतलं मूल बहुतेक विमान कंपन्या मांडीवर बसू देतात. तो त्या रेषेच्या पुढे गेलाय, त्याला सीट घ्यावी लागणार. कित्येक पार्कांत मात्र तीन वर्षांखाली प्रवेश फुकट असतो, आणि त्याला तीन पूर्ण व्हायला तीन महिने आहेत. सहलीची तारीख आणि त्याचा वाढदिवस शेजारी ठेवून बघा. गाडीतल्या त्याच्या सुरक्षा सीटचंही ठरवा. बऱ्याच कंपन्या ती आणि ढकलगाडी जादा पैसे न घेता नेतात. बुक करताना विचारून घ्या, कारण उतरल्यावर टॅक्सीतही त्याला सीट लागणारच आहे.

गाडीची बाजू मी पाडते आहे असं वाटू नये. थीम पार्क आणि मोटारगाडी यांचं नातं जुनं आहे. १९५५ साली उघडलेलं कॅलिफोर्नियातलं डिस्नीलँड नव्या फ्रीवेच्या कडेला उभं राहिलं. पुढे नोव्हेंबर १९६३ मध्ये वॉल्ट डिस्ने फ्लोरिडावरून विमानानं फिरले आणि ऑर्लँडोजवळ दोन मोठे रस्ते एकमेकांना छेदतात ते बघून त्यांनी ती जागा पसंत केली. १९७१ साली पार्क उघडलं. लोक गाडीनं यावेत म्हणून विमानातून शोधलेली जागा! तेव्हा पतींचा ओढा काही जगावेगळा नाही. अंतर पाचशे-सहाशेच्या आत असतं, चालवणारे दोघं असते, सुट्टी दहा दिवसांची असती, तर मीही म्हटलं असतं, काढा गाडी. सामान हवं तेवढं, थांबा हवा तिथे, मूल रडलं तर फक्त आपल्याच कानांशी. आणि वाटेत बघण्यासारखं काही असेल तर तो प्रवासच सहल होतो. तुमच्या अकराशे किलोमीटरमध्ये असं काही असतं तर तुम्ही ते लिहिलं असतं.

तुम्ही गाडी चालवता का, हे पत्रात नाही. चालवत असाल, आणि लांबच्या रस्त्यावर चालवायचा सराव असेल, तर एक मधला मार्ग उरतो: जाता-येता वाटेत मुक्काम, दर दोन तासांनी अदलाबदल, उजाडल्यावर निघणं आणि अंधार पडायच्या आत थांबणं. मग सुट्टी आणखी दोन दिवस वाढवून मागा. वाढत नसेल तर हा मार्ग बंद. 'जाताना मुक्काम करू, येताना सलग मारू' ही तडजोड कुणी सुचवली तर साफ नाही म्हणा. उलटं केलं तर एक वेळ समजू शकते.

पती एकटे गाडीनं आणि बाकीचे विमानानं, हाही पर्याय काही घरांत निघतो. मला तो आवडत नाही. थकलेला चालक एकटा असतो, आणि विमानात दोन मुलं आणि सासूबाई तुमच्या एकटीच्या गळ्यात.

तुमच्या सहा दिवसांसाठी माझं मत विमानाला आहे. फार महाग पडत असेल तर पार्कचा एक दिवस कमी करा, किंवा महिना पुढे ढकलून स्वस्त तिकिटं बघा, किंवा जवळचं एखादं लहान पार्क निवडा. आठ वर्षांच्या मुलीला झुल्यांची संख्या आठवत नाही. आई-बाबा रांगेत भांडत होते, हे आठवतं. पहाटेचं स्वस्त विमान घेण्याचा मोह होईल. त्यासाठी पुन्हा दोनला उठायचं असेल तर वाचवलेल्या पैशांचं काय केलं ते विचारू नका. जाण्याचं सकाळी उशिराचं आणि परतीचं दुपारचं घ्या, आणि परतल्यावरचा दुसरा दिवस शक्य असेल तर मोकळा ठेवा. धाकट्याच्या आणि सासूबाईंच्या कपड्यांचा एक-एक जोड आणि रोजची औषधं हातातल्या बॅगेत असू द्या. चेक-इन केलेली बॅग मागे राहिली तर पहिली रात्र तरी निभावते.

पतींशी बोलताना 'विमान की गाडी' असं सुरूच करू नका, महिनाभर ते करून झालंय. परतीचा दिवस तासातासानं त्यांनाच मांडायला सांगा: किती वाजता उठणार, दुपारी साडेतीनला कुठे असणार, तेव्हा चाकामागे कोण. पुढे काही बोलावं लागणार नाही, असा माझा अंदाज आहे.

आणि एक राहिलंच. प्रवासावर महिनाभर वाद झाला, पण मुलीची उंची कुणी मोजली का? मोठ्या रोलर कोस्टरना उंचीची अट असते, अनेक ठिकाणी १०२ सेंटीमीटर, जोरकस झुल्यांना १२२. आठ वर्षांची मुलं या दुसऱ्या रेघेच्या अगदी आसपास असतात. पार्कच्या संकेतस्थळावर प्रत्येक झुल्यासमोर आकडा दिलेला असतो. धाकट्याला सांभाळत आई-बाबांनी आळीपाळीनं बसायची सोय आहे का, तेही तिथेच बघून घ्या. आज संध्याकाळी तिला भिंतीशी उभी करून पेन्सिलीची रेघ मारा. एखादा सेंटीमीटर कमी भरत असेल, तर ते तिला तासभर रांगेत उभं राहिल्यावर कळण्याऐवजी घरी, तुमच्याकडून कळू दे.